पिवळ्या बाटलीचा धंदा

पोळा झाला की आमच्या नांदगाव खंडेश्वरात तापाचा हंगाम लागतो. सोयाबीन अजून शेतात उभं, हातात पैसा नाही आणि दवाखान्याच्या बाकावर टेकायला जागा नाही. माणूस आत जातो, "डाक्टर सायेब, लय गळल्यावानी वाटते, एक बाटल लावून देजा" म्हणतो आणि डॉक्टर लावून देतात. ताप कितवा दिवस, उलट्या होतात का, लघवी कधी झाली? विचारतो कोण! गिऱ्हाईकानं मागितलं, दुकानदारानं फळीवरून काढून दिलं. याला वैद्यकी म्हणायची माझी तयारी नाही.

त्या बाटलीत असतं काय? पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये साखर 25 ग्रॅम. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये मीठ साडेचार ग्रॅम. बाकी पाणी. यात 'ताकत' कुठून आली? त्यात जीवनसत्त्वांचं इंजेक्शन सोडलं की बाटली पिवळी होते आणि पिवळ्या रंगाचे पैसे वेगळे लागतात. तो रंग संध्याकाळपर्यंत लघवीवाटे निघून जातो, पैसे मात्र परत येत नाहीत. आणि पाणीच हवं तर ते तोंडानंही देता येतं. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्यानं माणसं पटापट मरत होती. शिरेतून द्यायची सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडानं पाजायला लावलं आणि तीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आणला. कॉलऱ्यानं पार सुकून गेलेली माणसं पिऊन वाचली. आणि स्वतः फटफटी चालवत आलेला, बाहेर कट चहा मारून आत शिरलेला पंचविशीतला पोरगा, त्याला मात्र शिरेतूनच पाणी पाहिजे? ज्याच्या पोटात पाणी ठरतं त्याला सुई टोचणं ही उघड लूट आहे.

डेंगूत हा अडाणीपणा जिवावर बेततो. पहिल्या दोन-तीन दिवसांत, रोगी चांगला पाणी पीत असताना, बाटल्यांवर बाटल्या. अंग ठणकतं म्हणून कमरेत डायक्लोफेनॅक, म्हणजे जिथं रक्तस्रावाची भीती तिथंच ती वाढवणारं औषध! मग तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि डॉक्टर, नातेवाईक, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. धोका तर तेव्हा सुरू होतो. रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपू लागतं. पोट दुखतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं, शौचाला काळं होतं, लघवी कमी होते, रोगी बेचैन होतो. यातलं एक जरी लक्षण दिसलं तर क्षणभर न थांबता मोठा दवाखाना गाठायचा असतो. इथं सलाईन खरोखर लागते, पण मोजूनमापून. अंदाजपंचे ओतली तर फुफ्फुसाभोवती पाणी साठून श्वास कोंडतो. गरज नसताना भरभरून देणारे हे महाभाग गरजेच्या वेळी हात वर करून "अमरावतीला घेऊन जा" म्हणतात.

आणि सारं गाव तोवर एकच जप करत असतं: पेशी किती? प्लेटलेट चाळीस हजार म्हटलं की घरात रडारड, पपईच्या पानांसाठी धावाधाव. अहो, रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या वर पेशी असताना त्या बाहेरून चढवायची सहसा गरज नसते, बहुतेकांच्या त्या आपोआप वाढतात. पेशींचा आकडा तोंडपाठ असलेल्या घरात रोग्याला लघवी कधी झाली हे कुणालाच ठाऊक नसतं, हे मला भयंकर वाटतं. त्याच घराच्या खिडकीत उन्हाळ्यापासून न उपसलेला कूलर, त्यात अळ्या वळवळतात आणि लोक धुराची गाडी मागतात. धूर उडता डास मारतो. पाण्यातल्या अळीला त्याचं काय? अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर लागतो. आठवड्यातून एकदा ड्रम, रांजण, कूलर घासून कोरडे केले तर ही पैदासच मोडते.

पण माझा खरा राग आहे तो 'टायफाईड निघाला' या वाक्यावर. फेर्नाँ विडाल यांनी 1896 साली पॅरिसमध्ये जी चाचणी पुढं आणली, ती इथं तापाच्या दुसऱ्याच दिवशी लिहून देतात. ज्या प्रतिपिंडांचा ती शोध घेते, ती रक्तात ठळक व्हायलाच आठवडाभर लागतो! जुना टायफाईड, लस, भलताच ताप, कशानंही ती 'पॉझिटिव्ह' येते. निदान पक्कं करायचं तर रक्ताचं कल्चर हवं, किंवा आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन नमुने तपासून वाढ चौपट झाली का ते बघायला हवं. तेवढा धीर कुणाला आहे? कागदावर 1:80 उमटलं की सेफ्ट्रायॅक्सोनचा कोर्स सुरू, पाच दिवस, रोज दोन.

आता ती बाई बघा जी धुऱ्यावरचं गवत कापते, निंदणाला जाते. तिला ताप आहे, डोकं फुटतंय आणि काखेत किंवा कमरेला, लुगड्याच्या गाठीखाली, विडी विझवल्यासारखा काळा खपलीचा डाग आहे. तो दुखत नाही, म्हणून ती सांगत नाही. तो स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक माइटच्या अळीनं दिलेला. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास यानं माणसं नेली, म्हणजे विदर्भातल्या डॉक्टरला हे नाव नवीन असण्याचं कारण उरलेलं नाही. यावर डॉक्सिसायक्लिन लागतं, जे अगदी स्वस्त आहे. सेफ्ट्रायॅक्सोन यावर चालत नाही. म्हणजे खोट्या टायफाईडच्या नावानं पाच दिवस महागडी इंजेक्शनं टोचली जातात आणि तेवढ्या वेळात रोग किडनीपर्यंत, फुफ्फुसापर्यंत पोचतो. घरचे म्हणतात, टायफाईड बिघडला. तो टायफाईड कधी नव्हताच!

तेव्हा दुसऱ्या दिवशी कुणी विडाल लिहून दिली तर चिठ्ठी टेबलावर परत ठेवा. तुमच्या घरातली बाई शेतात राबत असेल तर म्हणा, डॉक्टर, आधी नर्सबाईंना बोलवा आणि हिच्या काखेत, कमरेला डाग आहे का ते बघा. ते रागावतील. रागावू द्या.