झाडाचं आहे ना, मग परीक्षा कशाला?

परदेशातल्या आपल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर अधूनमधून एक निरोप फिरत असतो. अमुक चूर्ण सकाळी कोमट पाण्यातून घ्या, सिगारेट सुटेल, तंबाखू सुटेल, शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. खाली हात जोडल्याची दहा चिन्हं. कुणी विचारलंच की हे किती जणांवर तपासलं, तर उत्तर तयार असतं: ‘अहो, झाडाचं आहे ना, मग परीक्षा कशाला?’

माझं भांडण या एका वाक्याशी आहे. तंबाखूसुद्धा झाडाचीच आहे. निकोटीन कुठल्या कारखान्यानं शोधलेलं नाही. किडीपासून बचाव व्हावा म्हणून ते रोपच बनवतं. अफू झाडाची, धोतराही झाडाचाच. एखादी वस्तू झाडाची आहे म्हटल्यावर तिचा पत्ता कळतो, गुण कळत नाही.

मी झाडपाल्याचा वैरी आहे असं मात्र समजू नका. व्यसन सोडवणारं एक अस्सल झाडाचं औषध आहे आणि त्याबद्दल आपल्या ग्रुपवर कुणी चकार शब्द काढत नाही, हे माझं दुखणं आहे.

आम्ही ब्रिटनमध्ये राहतो. इथे वसंताच्या अखेरीस बागांमध्ये लॅबर्नमच्या पिवळ्या फुलांचे घोस लोंबतात आणि बहाव्याची आठवण येते. या झाडात, विशेषतः बियांत, सायटिसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. बल्गेरियात 1964 पासून तेच द्रव्य मोजूनमापून ‘टॅबेक्स’ या गोळीतून दिलं जातंय. मेंदूत निकोटीनच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात. यष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं सायटिसिन त्या जागा अडवतं. तलफ थोडी भागते, आणि वर सिगारेट ओढलीच तरी निकोटीनला जागा न मिळाल्यानं पूर्वीची मजा येत नाही.

पाश्चात्त्य वैद्यकानं या गोळीकडे जवळपास अर्धं शतक काणाडोळा केला. जुने अभ्यास पूर्व युरोपात झालेले, बरेचसे तिकडच्याच भाषांत छापलेले. इंग्रजीत नाही म्हणजे नाहीच, ही खोड आपल्याला चांगली ओळखीची आहे. शिवाय जुन्या, स्वस्त गोळीसाठी खर्च करायला कुठली बडी कंपनी पुढे येणार? हा राग रास्त आहे. पण त्यावर उपाय काय निघाला ते पाहा. ‘आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असं म्हणून कुणी गप्प बसलं नाही. वॉर्सामध्ये 740 जणांवर चाचणी झाली आणि 2011 मध्ये निकाल छापून आला: वर्षभर सिगारेटपासून दूर राहिलेले सायटिसिनवाले 8.4 टक्के, नुसती खोटी गोळी घेतलेले 2.4 टक्के. मग न्यूझीलंडमध्ये 1310 जणांवर तुलना झाली. महिन्याअखेर सायटिसिनवाले 40 टक्के आणि निकोटीनचे पॅच, च्युइंगम वगैरे वापरणारे 31 टक्के सिगारेटमुक्त होते. मळमळ आणि झोपेच्या तक्रारी सायटिसिनमध्ये जास्त होत्या, आणि त्याही तिथेच नोंदवल्या गेल्या. ‘साइड इफेक्ट शून्य’ असं छापायची हिंमत तिथे कुणी केली नाही.

याच परीक्षेत दुसरी झाडं नापासही झाली. लोबेलियातल्या लोबेलीनच्या गोळ्या अमेरिकेत वर्षानुवर्षं खपल्या; गुण सिद्ध होईना म्हणून 1993 मध्ये सरकारनं धूम्रपान सोडवण्याचं औषध म्हणून होणारी त्यांची विक्री बंद केली. ओट्सची गोष्ट तर आपल्या जवळची आहे. भारतात अफू सोडवायला वैद्य ओट्सचा काढा देत, त्यावरून सिगारेटसाठी प्रयोग झाला आणि 1971 मध्ये त्याचा अहवाल ‘नेचर’मध्ये आला. आपल्या वैद्यकाचा त्यांना दुस्वास आहे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: कल्पना आपल्याकडची होती आणि त्यांनी ती मानानं छापली. 1974 मध्ये त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटानं लिहिलं की ओट्सचा काही परिणाम दिसत नाही. तीन झाडं, परीक्षा एकच, पास एक.

चूर्णाचं नुकसान पैशांपुरतं असतं तर मी लिहायला बसलोही नसतो. चूर्ण घेऊन सिगारेट सुटली नाही की घरचे म्हणतात, ‘त्याच्या मनातच नाही.’ औषध नापास झालं तरी शिक्का माणसावर बसतो. तो पुन्हा प्रयत्न करत नाही, आणि दरम्यान सिगारेट आपलं काम करत राहते.

आता तिकडे, आपल्या गावाकडे पाहा. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यातले बहुतेक न ओढता: चुना लावून, गुटख्यातून, मिश्रीतून. सायटिसिनच्या चाचण्या मात्र मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्यांवर झाल्या आहेत. मिश्री लावणाऱ्या मावशीला कशाचा उपयोग होईल, हे मिश्री लावणाऱ्या बायकांवर तपासल्याशिवाय कळणार नाही. अभिमान दाखवायचाच असेल तर ही मागणी करा: आमची चूर्णं तपासा, बल्गेरियाची गोळी आमच्या तंबाखूवर तपासा, आणि निकाल मराठीत छापा.

तोवर करण्यासारखं आहेच. ब्रिटनमध्ये जानेवारी 2024 पासून ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. 25 दिवसांचा कोर्स असतो आणि पाचव्या दिवसापर्यंत सिगारेट पूर्ण बंद करायची असते. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2024 च्या मार्गदर्शनात सायटिसिनची शिफारस केली आहे. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ती घ्यायची नाही; म्हणून आधी जीपीशी बोला. आणि कृपा करून बागेतल्या लॅबर्नमची शेंग तोडू नका, जीव जाऊ शकतो. बहाव्याची तर मुळीच नको: इंग्रज त्याला ‘इंडियन लॅबर्नम’ म्हणत असले तरी त्याच्या गरानं सिगारेट सुटणार नाही, फक्त पोट सुटेल.

पुढच्या वेळी तो निरोप आला की हात जोडू नका. तीनच प्रश्न टाका: यात नेमकं काय आहे, किती आहे, आणि किती जणांवर कशाशी तुलना करून पाहिलं? उत्तर आलं तर मी स्वतः ते चूर्ण चार जणांना सांगेन.