जायचं ठरतं, परतायचं कोण ठरवणार?

'चला, कर्जतला जाऊ!' हा मेसेज आमच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी पडतोच. मग दहा अंगठे, तीन रील्स, दोन-चार जणांचं 'मी येणार' आणि शुक्रवारी रात्रीपासून एकेकाची गळती. शेवटी कोणीतरी रेडीमेड ट्रेकची लिंक टाकतं. पैसे भरा, बॅग उचला, बाकी सगळं ते बघतील.

त्यात वाईट काही नाही. पहिल्यांदाच डोंगरात जाणाऱ्यासाठी तर अनुभवी माणसांसोबत जाणंच बरं. पण कॉलेज संपायच्या आत निदान एक ट्रिप तरी स्वतः, अगदी शून्यापासून ठरवून करावी, असं माझं ठाम मत आहे. कर्जत-खालापूर त्यासाठी बेस्ट. सीएसएमटीहून साधारण १०० किलोमीटर, लोकलच्या तिकिटात. अवघड भाग सुरू होतो तो कर्जत स्टेशनच्या बाहेर. पुढे एसटी आहे, टमटम आहे, पायवाट आहे आणि यातलं काहीही तुमच्यासाठी थांबत नाही.

हे मी शिकले ते फजिती होऊनच. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये आम्ही चौघी कोथळीगडाला, म्हणजे पेठच्या किल्ल्याला गेलो. कर्जतहून काशेळेमार्गे आंबिवली, तिथून चढून पेठवाडी आणि मग किल्ला. जाण्याचं सगळं पाठ होतं. निघताना आईने विचारलं, "परत कशाने येणार?" मी म्हटलं, "मिळेल गं काहीतरी!"

मिळालं नाही. निघायलाच उशीर, वर फोटोंमध्ये वेळ गेला, आणि आंबिवलीत उतरलो तेव्हा सहा वाजून गेले होते. टपरीवरच्या काकांनी सांगितलं, "शेवटची गाडी गेली ना! आता काशेळ्यापर्यंत कोणी सोडतंय का बघा." अंधार पडत होता. दोघींचे फोन बंद, तिसरीच्या फोनला रेंज नाही. तासाभराने भाजीचा टेम्पो मिळाला. काकांनी ड्रायव्हरला ओळखीने सांगितलं म्हणून आम्ही बसलो. पुढे काशेळ्याहून जास्तीचे पैसे देऊन रिक्षा केली. घरी पोचले तेव्हा बारा वाजले होते आणि आई दारात उभी होती. ओरडली नाही. तेच जास्त लागलं.

नंतर लक्षात आलं, आईचे प्रश्न म्हणजेच खरा प्लॅन होता. कुठे जाणार? सोबत कोण? जेवणाचं काय? परत कशाने आणि किती वाजता? आपल्याला ती कटकट वाटते, म्हणून उत्तरं गुळमुळीत देतो. मग घरून 'नाही' येतं. मुलींना तर जरा लवकरच येतं. भावाला 'सांभाळून जा' आणि आपल्याला 'जायचंच कशाला?' हा फरक मला आजही मान्य नाही. पण त्यावर नुसतं भांडण्यापेक्षा हातात कागद घेऊन बोललं, तर संवाद बदलतो, हे मी पाहिलंय.

कारण पुढच्या जानेवारीत मी पुन्हा पेठलाच गेले. या वेळी आठवडाभर आधी कर्जतच्या एसटी स्टँडवर जाऊन चौकशी केली. जाताना कंडक्टरकाकांना परतीच्या गाडीची वेळ पुन्हा विचारली. पेठमधल्या एका घरी आधीच जेवण सांगून ठेवलं. अडीच वाजले की जिथे असू तिथून मागे फिरायचं, हे चौघींनी आधीच मान्य केलं. एक कागद आईकडे, एक माझ्याकडे. बजेटही आवाक्यातलं, कारण मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे.

आणि गंमत म्हणजे, किल्ला मला या वेळी दिसला. मागच्या वेळी धावपळीत ज्याच्यासमोर फोटो काढला, तो गुहेतला कोरीव खांब नीट पाहिला. डोंगराच्या पोटातूनच कोरून काढलेल्या पायऱ्यांनी वर जाताना घड्याळाचं टेन्शन नव्हतं. सगळं ठरवलं की मजा जाते, असं म्हणतात. माझ्या बाबतीत उलट झालं.

पावसाळ्यात तर हा प्रश्न मजेपुरता राहतच नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. रस्ता नसल्याने मोठी यंत्रं वर नेता आली नाहीत, बचाव पथकं पावसात चिखलातून चालत गेली. अख्ख्या वाडीपर्यंत मदत अशी पोचली, तर बंदी मोडून धबधब्यात उतरलेल्या आपल्यापर्यंत कशी पोचणार? आणि आपल्याला शोधायला पहिले धावतात ते त्याच गावांतले लोक. आपल्या वीस सेकंदांच्या रीलसाठी त्यांनी जीव धोक्यात का घालावा? रीलवर ना तारीख असते, ना पाण्याचा अंदाज. म्हणून प्रशासनाची बंदी आहे का, हवामान खात्याचा अलर्ट कुठला आहे, हे बघणं प्लॅनमध्ये पहिलं हवं. आणि उत्तर 'नको' असेल, तर ट्रिप रद्द करता येणं हेही प्लॅनिंगच.

स्वतंत्र प्रवास म्हणजे कोणी विचारणारं नसणं, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे असणं.

म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर 'चला, कर्जतला जाऊ!' आलं, की अंगठा टाकायच्या आधी एवढंच विचारा : 'परत कशाने?' जो याचं उत्तर शोधून आणेल, त्याच्यासोबत खुशाल निघा.