ड्रॉइंग टॅब्लेट : पारख कशाची करावी?

घरातील मुलीने वा मुलाने डिजिटल चित्रकलेची वाट धरली, की व्यापारी कुटुंबापुढे पहिला प्रश्न येतो तो ड्रॉइंग टॅब्लेटच्या खरेदीचा. किंमत काही हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. निवड चुकली तर पैसा न खपणाऱ्या मालासारखा अडकतो. त्याहून वाईट म्हणजे, साधन हाताला न मानवल्यास शिकणाऱ्याला आपल्याच हातात दोष आहे असे वाटू लागते.

या साधनांचे मुख्य प्रकार तीन. पहिला पडदा नसलेला : हात पाटीवर, नजर संगणकावर. दुसरा पडद्याचा : चित्र थेट पेनाच्या टोकाखाली उमटते, मात्र संगणक जोडावा लागतोच, हे अनेकांना खरेदीनंतर कळते. तिसरा आयपॅडसारखा स्वतंत्र चालणारा. त्याचे पेन बहुधा वेगळे विकत घ्यावे लागते.

जाहिरातीत ठळक छापला जातो तो दाबाच्या पातळ्यांचा आकडा : २०४८, ४०९६, ८१९२, १६३८४. आकडा दुप्पट झाला म्हणून रेषा दुप्पट चांगली होत नाही. शिकणाऱ्याला ४०९६ पुरेसे होतात. अगदी हलक्या स्पर्शाला रेषा उमटते का आणि सावकाश ओढलेली तिरकी रेषा थरथरत नाही ना, हे पाहणे अधिक मोलाचे. पेन्सिलीसारखी छटा भरायची असेल, तर पेनाचा कल टिपण्याची सोय आहे का, हेही विचारावे.

खरा हिशेब आकाराचा. वॅकॉमच्या लहान पाटीचे रेखनक्षेत्र १५२ × ९५ मिमी, मध्यम पाटीचे २१६ × १३५ मिमी असते. २४ इंची पडद्याची रुंदी सुमारे ५३ सेंमी. म्हणजे लहान पाटीवरील हाताची हालचाल पडद्यावर साडेतीनपट होते, मध्यम पाटीवरील अडीचपट. साडेपंधरा इंची लॅपटॉपवर मात्र लहान पाटीची हालचाल सव्वादोनपटच होते. बदलापूरहून रोज गर्दीच्या लोकलने जाणाऱ्या विद्यार्थ्याला पाव किलोच्या आसपास वजनाची ही लहान पाटी लॅपटॉपसोबत सोयीची. घरी मोठ्या पडद्यावर काम करणाऱ्याने मध्यम घ्यावी.

वॅकॉम, हुइऑन, एक्सपी-पेन या तिन्ही कंपन्यांच्या बहुतेक नव्या पेनांना बॅटरी लागत नाही. पाटीतील विद्युतचुंबकीय क्षेत्रातूनच त्यांना ऊर्जा मिळते. ॲपल पेन्सिल चार्ज करावी लागते. पडद्याचा टॅब्लेट घेताना काच व चित्र यांत अंतर जाणवते का, ते तपासावे. पाटीच्या खरखरीत पृष्ठावर पेनाचे टोक झिजते. सुटी टोके कोठे मिळतात, घरातील संगणकावर ड्रायव्हर चालतो का आणि दुरुस्ती कोठे होते, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. वॉरंटीसाठी पक्के बिल जपून ठेवावे.

आरंभी पडदा नसलेला टॅब्लेट आणि क्रिटासारखे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे. हात व नजर वेगळ्या ठिकाणी ठेवण्याची सवय होण्यास काही आठवडे लागतात. तेवढा अवधी घरच्यांनीही द्यावा. वर्षभर काम टिकले, बाहेरची कामे मिळू लागली, की पडद्याच्या टॅब्लेटचा विचार करावा. तोवर स्वतःच्या गरजा शिकणाऱ्यालाच नेमक्या सांगता येतील.