तिघांसाठी तीन पुस्तके



श्रावणात भाताची लावणी उरकलेली असते आणि कापणीला अवकाश असतो. बदलापूरजवळच्या सोनिवलीसारख्या गावात या दिवसांत उल्हास नदी भरून वाहते आणि दिवेलागणीलाच माणसे घरात येतात. पूर्वी याच वेळी घरोघर पोथी लागे. एकजण वाची, बाकीचे ऐकत. जिला अक्षरओळख नव्हती ती आजीसुद्धा त्या पोथीची पुरी वाचक असे. आता त्याच वेळी घरातला प्रत्येकजण आपापला मोबाईल घेऊन बसलेला दिसतो. म्हणून आज वाचनालयातल्या नव्या गोष्टी-कादंबऱ्यांविषयी बोलू.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, कादंबऱ्या वाचून काय पोट भरते? नाही भरत. पण पोथी ऐकूनही पोट भरत नव्हते. दुसऱ्याच्या जिवावर काय बेतते ते घरबसल्या कळे आणि आपले दुःख थोडे हलके होई. चांगली कादंबरी हेच काम करते.

घरात वाचक तीन वयांचे असतात. आधी लहान मुलांचे पाहू. त्यांच्यासाठी मराठीत नवे चांगले लिहिले जात आहे. सलीम मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ला २०१९ साली, संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला २०२२ साली आणि भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या कादंबरीला २०२४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक तर १९७१ पासून निघते आहे. शाळेच्या पुस्तकाबाहेर एवढे जरी घरात आले तरी पोर वाचू लागते.

मोठ्यांसाठी एकच नाव सांगतो. कोल्हापूरकडचे कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेल्या गावाची आणि मागे राहिलेल्या जनावराची ही गोष्ट आहे. आपल्या बदलापूर भागाला ती परकी वाटणार नाही. बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा घरे कशी हलली, हे इथल्या माणसांनी पाहिले आहे. दावणीचे जनावर सोडून जाणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

खरी अडचण आहे ती मधल्या वयाची. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाला बाळगोष्टी पोरकट वाटू लागतात आणि जाड कादंबऱ्या डोक्यावरून जातात. याच वयात पुष्कळ मुलांच्या हातून पुस्तक सुटते ते कायमचे. मुलीच्या बाबतीत तर घरकाम वाढते आणि वाचन आधी बंद होते. मराठीत या वयासाठी लिहिलेही कमी जाते आणि अनेक वाचनालयांत त्यांचा वेगळा खण नसतो. दहावी-अकरावीच्या मुलाला नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’ देऊन पाहा. हिला २०१८ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे. जतच्या दुष्काळी भागातल्या गरीब शेतकरी घरातल्या मुलाची शिकण्यासाठीची धडपड तिच्यात आहे. देविदास सौदागर यांची ‘उसवण’ही अशीच. तयार कपड्यांपुढे गावच्या शिंप्याचा धंदा कसा उसवत जातो, ते तिच्यात येते. तिला २०२४ चा युवा पुरस्कार मिळाला. ही पुस्तके आधी आपण चाळावीत, मग मुलाच्या हाती द्यावीत.

आता ही पुस्तके मिळवायची कशी? महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळते आणि त्यातला काही भाग पुस्तक खरेदीसाठीच असतो. तेव्हा पुस्तक मागणे ही भीक नव्हे. वर्गणी भरून सभासद व्हा, सूचना वहीत पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव लिहा आणि महिन्याने पुन्हा विचारा. मागणीच नसेल तर ग्रंथपाल तरी काय आणणार? बदलापुरात श्याम जोशी यांनी ‘ग्रंथसखा’ वाचनालय उभारले ते जुने, दुर्मीळ मराठी ग्रंथ जपण्यासाठी. जुने जपणारा निघाला, तसा नवे मागणाराही गावागावातून निघाला पाहिजे.

वाचनालय लांब असेल तर चार-सहा घरांनी मिळून पेटी करावी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात अशाच पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत जातात. आपली पेटी वीस पुस्तकांची असली तरी पुरे. महिनाभर एका घरी, मग पुढच्या घरी. फक्त घेताना तिन्ही वयांचा हिशेब ठेवा. मधल्या वयाला विसरू नका.

आणि पुस्तक आले की ते एकेकट्याने कोपऱ्यात नेऊ नका. आठवड्यातून दोन संध्याकाळी, जेवणाआधी अर्धा तास, पोथीसारखे मोठ्याने वाचा. वाचायचे काम चौदा वर्षांच्या मुलाला नाहीतर मुलीला द्या. आजी ऐकेल, धाकटे ऐकेल, आणि वाचणाऱ्याच्या हातून पुस्तक सुटणार नाही.