"बोल सोड रे, म्युझिक ऐक" म्हणणाऱ्यांसाठी

काही वाक्यं ऐकून ऐकून कान किटतात. "इटालियन प्रॉग ना? मस्त असतं रे, मेलोडिअस. भाषा कळत नाही तेच बरं, कोड लिहिताना डोक्याला त्रास नाही." आमच्या टीममधे हे वाक्य मी निदान चार जणांकडून ऐकलंय, आणि चौघंही कानसेन आहेत. किंग क्रिमसन कुठल्या अल्बमवर कुठल्या मापात वाजवतं ते बोटांवर मोजून दाखवतील. पण इटली म्हटलं की यांना फक्त बासरी, मेलोट्रॉन, मँडोलिन आणि ऊन दिसतं. म्हंजे पर्यटन खात्याचं ब्रोशर.

तर मंडळी, आजचा शनिवार या लोकांसाठी. माझं म्हणणं साधं आहे. १९७१ ते १९७५ या काळातले हे इटालियन अल्बम त्यांच्या विषयाशिवाय ऐकणं म्हणजे अर्धं ऐकणं नव्हे, चुकीचं ऐकणं आहे.

लगेच पुरावा देतो. व्हेनिसशेजारच्या मार्गेरा या कारखान्यांच्या गावातला बँड, ले ओर्मे. १९७२ चा अल्बम 'उओमो दी पेत्सा', म्हणजे चिंध्यांचा माणूस. त्यात 'जोको दी बिम्बा' नावाचं तीनेक मिनिटांचं गाणं आहे. नावाचा अर्थ साधारण 'छोट्या मुलीचा खेळ'. आल्दो ताल्यापिएत्राचा कोवळा आवाज, तोनी पाल्यूकाचे कीबोर्ड, चाल इतकी हळुवार की बाळाला झोपवताना लावावी. लोक लावतातही. आणि गाणं कशाबद्दल आहे? झोपेत चालणारी एक मुलगी चांदण्या रात्री घराबाहेर पडते, आणि एक माणूस तिच्यावर बलात्कार करतो. अल्बमच्या नावातला चिंध्यांचा माणूस तो हाच. आता सांगा, "म्युझिक ऐक" म्हणजे नक्की काय ऐकू? चाल गोड आहे ती मुद्दाम गोड आहे. गुन्ह्यावर अंगाईचं पांघरूण घातलंय, आणि ते पांघरूण दिसावं म्हणूनच घातलंय. ज्याला बोल माहीत नाहीत त्याला फक्त अंगाई मिळते, आणि ती ऐकून तो फसलेला असतो.

बरं, हे सगळं कुठल्या देशात चाललं होतं? १२ डिसेंबर १९६९ ला मिलानच्या पियात्सा फोंतानामधल्या बँकेत बॉम्ब फुटला, १७ माणसं गेली. पुढची दहा-बारा वर्षं बॉम्ब, अपहरणं, खून. 'शिशाची वर्षं' म्हणतात तिकडे त्या काळाला, शिसं म्हणजे बंदुकीच्या गोळीतलं. डिसेंबर १९७० मधे घटस्फोटाचा कायदा झाला आणि तो रद्द करायला मे १९७४ मधे अख्ख्या देशाचं सार्वमत घ्यावं लागलं (५९ टक्क्यांनी कायदा वाचवला). कॅथलिक धर्म अधिकृत राजधर्म होता, १९२९ च्या करारानुसार, थेट १९८४ पर्यंत. हे डोक्यात ठेवा आणि मग माझ्या सगळ्यात लाडक्या अल्बमकडे चला.

बांको देल मुतुओ सोक्कोर्सो. रोमचा बँड. नावाचा अर्थ आपल्याकडच्या पतपेढीच्या जवळ जातो, अडीअडचणीला एकमेकांना मदत करणाऱ्यांची पेढी. पहिल्या अल्बमचं कव्हर पैसे साठवायच्या मातीच्या गल्ल्याच्या आकारात कापलेलं होतं! नोचेन्त्सी बंधू, वित्तोरिओ आणि जान्नी, दोघंही कीबोर्डवर. आणि गायला फ्रांचेस्को दी जाकोमो, धिप्पाड, दाढीवाला, ऑपेराच्या स्टेजवरून चुकून इकडे आल्यासारखा. (२०१४ मधे कार अपघातात गेला.) १९७२ मधेच त्यांचा दुसरा अल्बम आला: 'दार्विन!'. उद्गारचिन्हासकट.

रेटिंग देणारे याला "उत्क्रांतीवरचा कन्सेप्ट अल्बम" असं एका ओळीत उरकतात आणि मग पानभर हॅमंड ऑर्गनवर बोलतात. अरे पण उत्क्रांती हा विषय लंडनमधे घेणं आणि पोपच्या घराशेजारी घेणं यात फरक आहे की नाही? चर्चची भूमिका तेव्हा काय होती बघा. पोप बारावे पायस यांनी १९५० च्या पत्रात उत्क्रांतीवर संशोधन करायला, चर्चा करायला मुभा दिली होती, शरीरापुरती. पण एक अट होती. आदम हा खराखुरा एकच माणूस होता, सगळी मानवजात त्याच्यापासून आली, यावर श्रद्धावंतांनी तडजोड करायची नाही. आणि बांकोचं पहिलंच गाणं, जवळपास १४ मिनिटांचं, काय म्हणतं? जुन्या कवटीच्या जीवाश्मात माझ्यासारखाच चेहरा सापडत असेल तर तुमचा आदम आता उरत नाही. दुसरीकडे कुठे नाही, नेमकी तिथेच सुई टोचली आहे. ही कविकल्पना नाही, हा वाद आहे. त्या वादासाठी ऑर्गन तसा गुरगुरतो आणि गाणं मधेच तुटून पुन्हा उभं राहतं.

आणि त्याच अल्बमवर 'साडेसात लाख वर्षांपूर्वी... प्रेम?' अशा नावाचं गाणं आहे. बहुतेक पियानो आणि आवाज. एक आदिमानव, अजून पुरता माणूस न झालेला, एका मादीकडे बघतो. काहीतरी वाटतंय, पण त्याच्याकडे भाषा नाही. हात आहेत ते ओरबाडायचे. कोमलतेचा शोध लागायचाय अजून. नावातलं ते प्रश्नचिन्ह काढून बघा, गाणं मरतं. मी हे गाणं कमीतकमी दोन वर्षं "वा, काय रोमँटिक बॅलड आहे" असं म्हणणाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय. रोमँटिक! शेवटच्या गाण्यात तर एक भलंमोठं चाक करकरतं, माणूस काळाकडेच वेळ मागतो आणि काळ म्हणतो, माझ्याकडे नाही. दार्विनचा जयजयकार करून अल्बम संपत नाही. चर्चला नाकारलं म्हणून यांना कुठला गुलाबी शेवट आपोआप मिळालेला नाही, आणि म्हणूनच मी याला प्रचार म्हणत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी 'मी स्वतंत्र जन्मलो' नावाचा अल्बम काढला, त्यातलं सगळ्यात मोठं गाणं एका राजकीय कैद्यासाठी आहे. असो.

आता पीएफएम. प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी. फोर्नेरिया म्हणजे बेकरी, हो, खरंच एका बेकरीवरून नाव घेतलंय. हे सगळ्यात प्रसिद्ध, आणि भाषेचा खरा घोटाळा इथेच झाला. इमर्सन, लेक अँड पामर यांच्या मँटिकोर लेबलने त्यांना बाहेर काढलं आणि १९७३ मधे 'फोटोज ऑफ घोस्ट्स' आला. इंग्रजी बोल पीट सिनफिल्डचे. लक्षात घ्या, त्याने भाषांतर केलेलं नाही. चाल तीच ठेवून नवीनच बोल लिहिले. 'पेर उन आमिको' म्हणजे 'एका मित्रासाठी', त्याचं झालं 'भुतांचे फोटो'. आणि कहर म्हणजे 'जेनेराले' हा तुकडा, नाव 'सेनापती', त्यात बोलच नाहीत, तरी त्याचं नाव बदलून 'मिस्टर नाईन टिल फाईव्ह' केलं! ज्या देशात लष्करी उठावाच्या अफवा चालायच्या तिथला सेनापती घेतला आणि त्याचा ऑफिसबाबू करून टाकला. (आमच्या धंद्यात नाईन टिल फाईव्ह कोणी बघितलंय का, तो वेगळा विषय.) 'इल बांकेत्तो' तेवढं इटालियनमधे राहिलं. राजाच्या पंगतीला कवी, मारेकरी आणि धर्मगुरू मांडीला मांडी लावून बसलेत, सगळे महाराजांचे निष्ठावंत मित्र. म्हणजे थेट राजकीय असलेलं गाणं नेमकं इंग्रजी श्रोत्याला न कळणाऱ्या भाषेत राहिलं, आणि तो म्हणाला, "ब्यूटीफुल".

"पण इंग्रजी केलं म्हणून तर जगाला कळलं ना?" कळलं काय? चाल कळली. बँड पोचला, गाणी घरी राहिली.

इथे आपल्या लोकांना एक चिमटा काढून घेतो. इटलीत साठच्या दशकात असं म्हणायचे की इटालियनमधे रॉक होऊच शकत नाही. कारण शब्द बहुतेक सगळे स्वरान्त, जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, त्यामुळे ओळ ठोशावर संपायची ती लोंबकळत संपते. अडचण खरी होती. या मंडळींनी काय केलं? ओळीला चार बीटच्या चौकटीत कोंबण्यापेक्षा चौकटच बदलली. लांब ओळी, ऑपेराचा श्वास, सरकणारी मापं. म्हणजे ज्याला तुम्ही "इटालियन मेलडी" म्हणून डोळे मिटता, ती बऱ्याच अंशी भाषेतूनच निघालेली आहे. आणि आमच्याकडे? "मराठीत रॉक शोभत नाही यार." का शोभत नाही? आग, वाट, रान, पाऊस, मार, धूर. आमच्याकडे ठोशावर संपणाऱ्या शब्दांची खाण आहे. इटालियन लोकांना जी अडचण होती ती आपल्याला नाहीच. पण सबब मात्र तीच हवी.

मग गैरसोयीचा भाग. आरेआ. १९७३ चा त्यांचा पहिला अल्बम, नाव आउशवित्झच्या फाटकावरच्या वाक्याचं. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला एक बाई अरबीत बोलते, मग बाल्कन वळणाची लंगडत पळणारी चाल, आणि वर देमेत्रिओ स्त्रातोसचा आवाज. जन्म अलेक्झांड्रियाचा, आईबाप ग्रीक, गायला इटालियनमधे. गाण्याच्या नावात जुलै, ऑगस्ट आणि काळा सप्टेंबर. काळा सप्टेंबर म्हणजे १९७० मधे जॉर्डनच्या सैन्याने पॅलेस्टिनी लढवय्यांना चिरडलं तो. आणि तेच नाव घेतलेल्या गटाने सप्टेंबर १९७२ मधे म्युनिकला ११ इस्रायली खेळाडू-प्रशिक्षक मारले तेही. गाणं त्यानंतर वर्षभरात आलेलं आहे. मला पॅलेस्टिनींचं दुःख पटतं, म्युनिकला पांघरूण घालणारं काहीही पटत नाही, आणि हे गाणं ऐकताना दर वेळी माझं स्वतःशी भांडण होतं. होऊ दे की! गाण्यानेच ते भांडण मागितलंय. "काय टाईट जॅझ-रॉक आहे बॉस" असं म्हणून पुढे जाणारा माणूस या गाण्याशी सहमतही होत नाही आणि विरोधही करत नाही. तो फक्त हजर नसतो. यापेक्षा मोठा अपमान मला सुचत नाही.

तिथले श्रोते अजिबात असे नव्हते, कधीकधी नको इतके. मुझेओ रोझेनबाखने १९७३ मधे नीत्शेच्या झरथुष्ट्रावर अख्खा अल्बम केला. कव्हरवरच्या कोलाजमधे मुसोलिनीचा पुतळा आला आणि बँडवर फॅसिस्ट असल्याचा शिक्का बसला. अल्बम आपटला. अन्याय झाला असं माझं मत आहे, कारण गाणी तसं काही म्हणत नाहीत. पण निदान कोणीतरी "हे म्हणतंय काय?" असं विचारत होतं. आज त्याच अल्बमला पाच तारे मिळतात आणि नीत्शेचं नावही न घेता पानभर कौतुक होतं.

एक आवडता नमुना राहिलाच. मेतामोर्फोझी, 'इनफेर्नो', १९७३. दांतेचा नरक, पण रहिवासी नवे: ड्रग विकणारे, वंशद्वेष्टे. तळाशी ल्युसिफरच्या गाण्याच्या नावात कंसात कोण आहे, तर राजकारणी. दांतेने तिथे विश्वासघातकी ठेवले होते, जूडास, ब्रूटस, कॅशियस. स्वतःच्या काळातल्या पोपांनाही नरकात जागा दिली होती त्याने, तेव्हा ही पोरं परंपरेला धरूनच वागली. अल्बममधे गिटार नाही, कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता येणारा प्रश्न: "तुला तरी कुठे इटालियन येतं?" येत नाही. म्हणून बोल समोर ठेवतो, शब्दकोश उघडतो, एका गाण्याला एक संध्याकाळ देतो. एखाद्या अनोळखी लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन वाचायला आपण तीन दिवस देतो, तेही शिव्या घालत. आणि नाही, प्रत्येक गाण्यात राजकारण शोधा असं मी म्हणत नाहीये. पीएफएमचं 'इम्प्रेसिओनी दी सेत्तेम्ब्रे' म्हणजे पहाटेचं धुकं आणि त्यात चालणारा एक माणूस, बास. पण तेही कळल्यावर तो मूग सिंथेसायझर मधे उसळतो तो का, हे जास्त कळतं.

ज्यांना सुरुवात करायची त्यांनी 'दार्विन!' घ्या, बोल समोर ठेवून, आणि कृपया कोड लिहिताना नको. 'फोटोज ऑफ घोस्ट्स' सगळ्यात शेवटी, मूळ अल्बम ऐकून झाल्यावर. जमलं तर पुढच्या शनिवारी स्टॉर्मी सिक्सवर लिहीन, १९७५ चा त्यांचा पार्टिझानांवरचा अल्बम मेलडीवाल्यांच्या यादीत सहसा नसतोच. शिव्या द्यायच्या असतील तर गाणं ऐकून द्या :-)