लाइन गेली तर?

सुट्टीत खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात जाऊन आलेला एक मुलगा आमच्या अंगणात तिथल्या गाड्यांचे वर्णन करीत होता. मुले आ वासून ऐकत होती. एक चिमुरडी एकदम म्हणाली, "काका, मधातच लाइन गेली तं?" मुले हसली. आम्ही हसलो नाही. पुलगावात ज्याने उन्हाळा काढला आहे त्याला हा प्रश्न हसण्यासारखा वाटणार नाही. उत्तर मात्र तेव्हा देता आले नाही. वाचून-विचारून जे समजले, ते आज मांडत आहोत.

इमॅजिका 2013 साली सुरू झाले. तिथल्या 'नायट्रो' गाडीला साखळीने उंचावर ओढून नेतात. तेथून ती स्वतःच्या वजनाने धावते. 'डीप स्पेस' ही अंधारातली गाडी मात्र चुंबकी धक्क्याने सुटणाऱ्या जातीची. अशा गाड्या अमेरिकेत 1996 साली धावू लागल्या.

येथे चुंबक गाडीला चिकटत नाही, ओढतो. पिठाच्या चक्कीची मोटर आठवा. तिच्या आत तारेच्या वेटोळ्यांचे कडे असते. वीज सोडली की चुंबकी ओढ त्या कड्यात गोल फिरते आणि मधला भाग तिच्यामागे फिरू लागतो. तेच कडे कापून रुळालगत सरळ पसरले, तर ओढ गोल न फिरता पुढे पळेल. गाडीखालची धातूची पट्टी तिच्यामागे धावते आणि गाडीलाही नेते. वेटोळी रुळाच्या थोड्याच भागात असतात. पुढचा प्रवास मिळालेल्या वेगावरच होतो.

म्हणजे ऐन धक्क्याच्या वेळी लाइन गेली, तर गाडीला पुरता वेग मिळणार नाही. ती चढ न चढता मागे घरंगळेल. मग तिला अडवायचे कोणी?

पुन्हा चुंबकानेच! पण हा चुंबक कायमचा, विजेवाचून चालणारा. त्याच्यासमोरून तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वेगाने गेली, की त्या पट्टीतच विजेचे भोवरे तयार होतात. ते हालचालीला विरोध करतात आणि गाडी मंदावते. घासणे नाही, झिजणे नाही. वेग जास्त असताना पकड घट्ट असते. गाडी हळू झाली की ती सैल होते. म्हणून पूर्ण थांबवायला साधे ब्रेक लागतात. तेही बहुधा असे केलेले असतात की हवेच्या दाबाने उघडे राहावेत आणि दाब गेला की आपोआप आवळावेत.

हे घरीही पाहता येते. अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी तिरपी धरून तिच्यावरून ताकदवान चुंबक सोडा. तो चिकटणार नाही, पण मधातून गेल्यासारखा सावकाश उतरेल. मात्र लहान मुलांच्या हाती असा चुंबक एकट्याने देऊ नये. गिळला तर जिवावर बेततो.

आम्ही हा प्रयोग अंगणातच केला. ढकलायला वीज लागते, अडवायला लागत नाही, एवढेच सांगितले. चिमुरडीने चुंबक चार वेळा सोडून पाहिला आणि म्हणाली, "मंग मी बशीन." विश्वास बसावा तो असा, स्वतः पाहून.