कुलूप आणि कागद

दुचाकीच्या चोरीवर अग्रलेख, आणि तोही पहिल्या पानावर, हे पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. राज्यापुढे मोठमोठे प्रश्न उभे असताना संपादकांना मोटारसायकलचे कुलूप सुचावे, याचे त्यांना नवल वाटेल. परंतु ही चोरी क्षुल्लक आहे असे ज्याची गाडी गेलेली नाही, तोच म्हणू शकतो. गेल्या आठवड्यात आमच्याकडे एक तरुण आला होता. आम्ही शाळेत शिकवीत असताना तो आमच्या वर्गात होता. आज तो शहरातील एका औषधांच्या दुकानात रात्रपाळी करतो आणि राहतो धायरीच्याही पलीकडे. पाळी संपते तेव्हा बस नसते. रोजचे रिक्षाभाडे त्याला परवडणारे नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून त्याने मोटारसायकल घेतली. ती दुकानासमोरून गेली. पोलिसांत फिर्याद देऊन तो विमा कचेरीत पोहोचला. हातातील कागदावर पाच वर्षांची मुदत छापलेली होती. तेथील गृहस्थांनी कागदावरून नजर फिरविली आणि शांतपणे सांगितले की, या विम्यात चोरी येत नाही. गाडी गेली, कर्जाचे हप्ते तेवढे राहिले. “सर, मग पाच वर्षे विमा होता तो कशाचा?” हा त्याचा प्रश्न होता. तो एकट्या त्याचा नाही, म्हणूनच हा लेख.

या प्रश्नाचे उत्तर साधे आहे. ते वेळेवर कोणी सांगत नाही, एवढेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १४६ वे कलम ज्या विम्याची सक्ती करते, तो तिऱ्हाइताचा विमा होय. आपल्या गाडीने दुसऱ्यास इजा झाली, तर त्या दुसऱ्याची भरपाई व्हावी, एवढाच त्याचा हेतू. अपघातग्रस्तांच्या हितासाठी सर्वोच्च न्यायालयाने हा विमा अधिक बळकट केला, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर तो एकदम पाच वर्षांचा घेणे बंधनकारक झाले. निर्णय स्तुत्य होता. परंतु त्यातून एक विचित्र भ्रम जन्मास आला. गाडी घेताना मिळणाऱ्या कागदात तिऱ्हाइताचे संरक्षण पाच वर्षांचे असते. गाडीची स्वतःची मोडतोड आणि चोरी यांचे संरक्षण मात्र सामान्यतः पहिल्या एका वर्षाचेच असते. वर्ष सरले की ते मुकाट्याने संपते. डिकीतील कागदावरचा ‘पाच वर्षे’ हा शब्द तेवढा मालकाच्या डोळ्यांपुढे राहतो, आणि आपण निर्धास्त आहोत अशा समजुतीत तो गाडी रस्त्यावर उभी करतो. कायद्याने जगाचे आपल्यापासून रक्षण केले; आपले चोरापासून रक्षण करणे ही आपलीच जबाबदारी उरली, हे त्यास बैल गेल्यावर कळते.

दुसऱ्या वर्षापासून हे संरक्षण वेगळे घेता येते. तेही डोळसपणे घ्यावे. चोरी झाल्यास मिळणारी रक्कम ही खरेदीची किंमत नसते. ती घट वजा जाता ठरलेले विमा-मूल्य असते. विमा व्यवसायातील रूढ कोष्टकानुसार दोन ते तीन वर्षांच्या गाडीस तीस टक्के घट धरतात. म्हणजे लाखाची गाडी सत्तर हजारांची होते. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून हे मूल्य आणखी खाली उतरविण्याचा मोह अनेकांना होतो. ती काटकसर नव्हे. ते स्वतःच्याच खिशाला पाडलेले भोक होय.

विमा हा झाला चोरीनंतरचा आधार; चोरी टाळण्याचे काम कुलपाचे. आणि येथे आपली सुशिक्षित मंडळी विलक्षण कंजूष होतात. लाखभर रुपयांची गाडी ज्या हँडल लॉकच्या भरवशावर आपण रात्रभर सोडतो, ते मुळात एक लहानसे पोलादी बोट असते. जोराच्या हिसक्यापुढे त्याचे फार काळ चालत नाही. त्याच्या जोडीस निराळ्या जातीचे दुसरे कुलूप हवे. ब्रेकच्या चकतीला लावायचे डिस्क लॉक चाक फिरू देत नाही. परंतु हलकी गाडी दोघांना उचलून टेम्पोत घालता येते. यास्तव जाड साखळी चाकातून ओवून ती खांबास किंवा जमिनीत रोवलेल्या कडीस अडकविणे अधिक शहाणपणाचे. उजेडात, वर्दळीच्या जागी गाडी लावणे यास तर पैसाही पडत नाही. मूळ कागदपत्रे डिकीत ठेवून चोराची पुढची सोय करून देण्याचेही कारण नाही. डिजिलॉकरमधील प्रत आता कायद्याने चालते.

“चोराला कुलूप काय करणार? त्याला न्यायचीच असेल तर तो नेणारच!” असे म्हणणारे वेदान्ती आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी पश्चिम जर्मनीतील एक अनुभव ध्यानात घ्यावा. तेथे दुचाकीस्वारांना हेल्मेटची सक्ती १९७६ पासून होती, पण ती न पाळणाऱ्यास जागच्या जागी दंड करण्यास प्रारंभ झाला तो १९८० मध्ये. हेतू होता डोकी वाचविण्याचा. झाले असे की, १९८० साली ज्या देशात सुमारे दीड लाख दुचाकी चोरीस गेल्या, तेथे १९८६ पर्यंत तो आकडा जवळजवळ एकतृतीयांशावर आला. कारण उघड होते. हाती लागलेली गाडी घेऊन निघालेल्या चोरापाशी हेल्मेट नसे, आणि बोडक्या डोक्याने पहिल्याच चौकात तो अडविला जाई. मेह्यू आणि क्लार्क प्रभृती संशोधकांनी १९८९ मध्ये या घटनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुचाकी सोडून चोर त्या प्रमाणात मोटारींकडे वळले, असेही त्यांस आढळले नाही. सराईत टोळीस एका कुलपाने धाक बसणार नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु पुष्कळशा चोऱ्या संधीच्या असतात. संधी थोडी अवघड केली की चोराचा विचार बदलतो. हेल्मेटसक्तीविरुद्ध जानेवारी २०१९ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या या पुण्यनगरीने तरी हा धडा आवर्जून वाचावा.

तथापि, सारा दोष मालकाच्या माथी मारणे म्हणजे चोर सोडून संन्याशास सुळी देणे होय. गाडी गेली म्हणून ठाण्यावर गेलेल्या माणसास “कुलूप नीट लावले होते का?” असे विचारून, नुसता अर्ज ठेवून वाटेस लावण्याची रीत बंद झाली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार हद्दीचा प्रश्न न काढता फिर्याद घ्यावी लागते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. मालकांनीही हा हक्क तत्काळ बजावावा आणि त्याच दिवशी विमा कंपनीस लेखी कळवावे. फिर्याद वेळेवर दिली असेल, तर कंपनीस कळविण्यास उशीर झाला एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला आहे. दाव्याच्या वेळी बहुधा दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. म्हणून दुसरी किल्लीही जपून ठेवावी.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. पाच वर्षांच्या विम्याच्या कागदावर, चोरीचे संरक्षण कोणत्या तारखेस संपते, हे ठळक मराठीत छापले जावे. महापालिकेने आपल्या वाहनतळांवर साखळी अडकविण्यासाठी लोखंडी कड्या बसवाव्यात. आणि योग्य किल्लीवाचून यंत्र सुरूच होऊ न देणारी जी व्यवस्था युरोपने नव्या मोटारींना १९९८ पासून सक्तीची केली, ती आकुर्डी-चाकणच्या परिसरात बनणाऱ्या साध्या दुचाकीलाही मिळावी. गरिबाची गाडी स्वस्त असते, म्हणून ती चोरण्यास सोपी असावी असे नाही.

राहता राहिले आपण. जुन्या बाजारात निम्म्या किमतीत मिळणारा आरसा किंवा सायलेन्सर कोठून आला, हे न विचारता घेणारे हात बहुधा सुशिक्षितांचेच असतात. चोराचे खरे भांडवल ते हेच. त्या तरुणाची गाडी सुटी होऊन अशाच कुठल्या दुकानात टांगलेली असेल, आणि आपल्यापैकी कोणी तरी त्याबद्दल घासाघीस करीत असेल. तो मात्र अजून रात्री दीड वाजता धायरीची वाट पायी तुडवितो. आज संध्याकाळी घरी गेल्यावर वाचकांनी आपल्या विम्याचा कागद काढून त्यावरील तारीख एकदा वाचावी, एवढीच आमची विनंती आहे.